घडीव दगड

मेगाबित २

माझ्या हातून झालेल्या गोष्टी, आठवतील तशा:

गेर्जीतल्या तीनमजली इमारतीची छपराखालची गिलाव्याची पट्टी. लांबी एकेचाळीस मीटर. या टोकाला डोळा लावला तर त्या टोकापर्यंत केसाइतकाही बाक नाही. सात घरं, पायापासून पत्र्यापर्यंत. त्यांतली तीन रस्ता रुंद करताना पाडली. पाडणाऱ्यांना ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं. चौदा दरवाजे. एक पाणसळ, पातळी बघायची, रबरी नळी आणि औषधाच्या दोन बाटल्या जोडून केलेली, दुकानातल्यापेक्षा खरी. शेवायेच्या स्वयंपाकघरातली इंजेराच्या भाकऱ्या भाजायची चूल, निम्म्या लाकडात तापते. शेवायेच्या अंगणातली मागची खोली, जिच्यात मी अकरा वर्षं राहिलो. शेवाये माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, म्हणजे एका अर्थी तीही माझ्या हातचीच.

सध्याचं घर: मिकाएलच्या चर्चची मागची भिंत, निलगिरीच्या पाच काठ्या, निळं प्लास्टिक. लांबी एक मीटर नव्वद, रुंदी एक मीटर दहा. गळत नाही.

यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. अक्षरंसुद्धा मी सिमेंटच्या गोण्यांवरची बघून गिरवली, म्हणून माझं अक्षर छापल्यासारखं दिसतं.

परांच्या या यादीत धरलेल्या नाहीत. परांची काम झालं की सोडायची असते. ती काही वस्तू नव्हे.

मेगाबित ५

दुपारी जोराची सर आली. भिंतीलगत आमची सात प्लास्टिकं आहेत, त्यांतल्या पाचांत पाणी शिरलं. माझ्यात नाही. सर थांबल्यावर मी सगळ्यांसाठी चर खणला, वितीला एक बोट उतार ठेवून. मेशेशा बघत बसला होता. तो पूर्वी शहराची बस चालवायचा. त्याचं घर रस्त्यात गेलं. म्हणाला, "इंजिनियर, उतार झकास काढलास. आता माझी बस तेवढी शोधून दे, ह्याच्यावरूनच पळवतो."

एमामा दिन्केनेश चर्चच्या दारात मेणबत्त्या विकतात, आमच्या रांगेत सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच एमामा. त्यांची जीभ कशाने घडवली आहे देव जाणे. चर बघून म्हणाल्या, "स्वतःचं घर सोडून आलास आणि आमची सुधारतोयस."

घर मी आपणहून सोडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज नाही. सोडलं त्या दिवशी कामावरून आलो तर माझी हत्यारांची पेटी शेवायेच्या फाटकाबाहेर होती. वर पोतं घातलेलं होतं, भिजू नये म्हणून. मला कुणी जा म्हटलेलं नाही.

मेगाबित १२

आज देवदूत मिकाएलचा दिवस. सकाळपासून गर्दी. लोक डोकी टेकतात, मग बाहेर रांगेत बसलेल्यांना भाकरी वाटतात. मी रांगेत बसत नाही. पण मर्गेतांना आधार देऊन आणलं होतं, आणि ते हात सोडत नव्हते, म्हणून त्यांच्या शेजारी टेकलो. मर्गेता हाब्ते आंधळे आहेत. चाळीस वर्षं मुलांकडून स्तोत्रं पाठ करून घेतली त्यांनी, आता दारात बसतात.

शेवाये आली. पांढरी शाल, कडेला हिरवी किनार. केस पुष्कळ पिकलेत. टोपलीतून भाकरीचे तुकडे देत ती रांगेने येत होती. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. तिने मर्गेतांच्या हातावर तुकडा ठेवला, म्हणाली, "मिकाएलच्या नावाने." मग माझ्या हातावर ठेवला. तेच शब्द, त्याच आवाजात. आणि पुढच्याकडे गेली.

तुकडा तळहाताएवढा होता. सगळ्यांना होता तेवढाच.

मी तो मेशेशाला दिला. त्याने विचारलंही नाही, खाल्ला.

मेगाबित १४

मी दगड घेणार आहे.

रीत मला पक्की ठाऊक आहे, तरी चूक नको म्हणून लिहून ठेवतो. अपराध करणाऱ्याने मानेवर दगड घ्यायचा. तीन वडीलधारे पुढे चालायचे. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जाऊन वाकून उभं राहायचं, आणि त्याने "ठेव" म्हटल्याशिवाय दगड खाली ठेवायचा नाही.

अडचण वडीलधाऱ्यांची. पूर्वी माझ्या शब्दावर पंधरा माणसं उभी राहायची. आता दोन जुन्या ओळखीच्यांकडे जाऊन आलो. एकाने आजारी आहे म्हणून आतून कळवलं, दुसऱ्याने पावाचे पैसे देऊ केले. तेव्हा भिंतीचीच माणसं. मेशेशा लगेच हो म्हणाला, त्याला चारचौघांत बोलायला मिळालं की झालं. एमामा म्हणाल्या, "बाईमाणूस चालत असेल तर येते. नाहीतरी तुमच्यात मिशी मलाच जास्त आहे."

मर्गेतांनी मात्र विचारलं, "कशाची माफी मागायचीय?"

मी सांगितलं. बोगाले शेवायेचा नवरा. नऊ वर्षं माझ्या हाताखाली काम करत होता. तीन वर्षांपूर्वी गेर्जीच्या इमारतीवर परांचीच्या चौथ्या टप्प्यावरून पडला, उत्तरेच्या बाजूला, आणि जागेवर गेला. मजूर कचेरीच्या कागदावर असं आहे की परांचीला तोलून धरणारी तिरपी बल्ली त्याने स्वतःच काढली होती, म्हणून परांची खचली, म्हणून त्याच्या बायकोला भरपाई बसत नाही. कागदावर आहे ते आहे. पण मी वयाने मोठा, मिस्त्री मी, माझं लक्ष हवं होतं. लक्ष राहिलं नाही, त्याची माफी.

मर्गेतांनी माझा हात चाचपून धरला. मग म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला तीन वर्षं लागली?"

म्हातारपणी माणसं असंच काहीबाही बोलतात.

मेगाबित १९

पाच दिवस लिहायला फुरसत झाली नाही. दगड तयार आहे.

पाडलेल्या घराच्या ढिगातून काळा दगड निवडला. आतून खणखणीत, ठोकला तर घंटेसारखा बोलतो. चोवीस बाय चोवीस बाय सोळा सेंटिमीटर. वजन पंचवीस किलो, खाटकाकडे काटा आहे तिथे करून घेतलं. मोठ्या उपासात मांस कुणी खात नाही, त्यामुळे त्याचं दुकान रिकामंच, त्यालाही विरंगुळा. सहाही बाजूंना बारीक टाकी मारली. कोपरे गुण्या लावून काटकोनात आहेत का तपासले. वरच्या अंगाला घासून पाणी चढवलं. खालच्या बाजूला मानेच्या मापाने उथळ खोबण केली, कारण गोलाईवर सपाट दगड घसरतो आणि चालताना एकसारखा सावरावा लागतो.

लोक येऊन हात फिरवून जातात. एकाने विचारलं, कुणाच्या थडग्याचा?

असा दगड घेऊन या शहरात कुणी माफी मागायला गेलेलं नसेल.

मेगाबित २१

आज गेलो होतो.

मिकाएलपासून शेवायेचं घर चार किलोमीटर. मर्गेता मेशेशाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे, मध्ये एमामा, मागे मी. दगड एकदाही घसरला नाही. रस्त्यातली माणसं बाजूला होत होती, काहींनी छातीवर क्रूस केला.

अंगणात कॉफी भाजण्याचा वास होता. शेजारणी आलेल्या होत्या. मेशेशाने सुरुवात बरी केली: मोठा भाऊ दारात वाकून उभा आहे, देवाने आपल्याला माफ केलं, आपणही करावं, वगैरे. मग त्याची गाडी बसकडे वळायला लागली तशी एमामांनी त्याला कोपर मारलं.

शेवाये बाहेर आली. मला तिचे पाय दिसत होते फक्त, प्लास्टिकच्या चपला, डाव्या चपलेचा पट्टा तारेने शिवलेला. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं तिने. मला ते मानेत कळलं.

"कडा सरळ आहे," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग तिचं बोट खालच्या बाजूला गेलं. "आणि हे काय? मानेला लागू नये म्हणून खोबण केलीस?"

मी म्हटलं, घसरू नये म्हणून.

आत कॉफीचे दाणे तडतडत होते. मग तिने विचारलं, "तिरपी बल्ली कुणी काढली?"

याचं उत्तर कागदावर आहे. ते मी म्हणू शकलो असतो. पण मी नुसती दगडावरची पकड बदलली. ती थांबली. चांगली थांबली. मग म्हणाली, "तू माफी मागायला नाही आलास. काम दाखवायला आलायस." आणि आत गेली.

"ठेव" म्हणाली नाही.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. शेजारणी एकेक करून उठून गेल्या. शेवटी मेशेशा दगडाला हात घालायला लागला, तर मर्गेता म्हणाले, हात लावू नकोस, तिने म्हटलेलं नाही. तेव्हा तसाच परत निघालो. येताना एमामा म्हणाल्या, "कॉफीचा नुसता वास घ्यायला चार किलोमीटर. माझ्या नाकाला आधी कल्पना द्यायची."

भिंतीशी आल्यावर दगड उतरवला. म्हणजे रीत माझ्याकडूनच मोडली गेली.

मेगाबित २४

मान वळत नाही. त्यापेक्षा राग जास्त आहे. एवढं काम कुणासाठी केलं? बाईला दगडातलं काय कळतं?

एमामांनी मानेला तेल लावून दिलं. म्हटलं, पाच दिवस खपलो मी त्या दगडावर. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "आणि बोगालेसाठी किती दिवस रडलास?"

मी मोजायला लागलो.

मेगाबित २७

लिहायचं नव्हतं. पण वही माझी आहे, आणि कुणी बघत नाही.

गेर्जीच्या पट्टीचं काम उत्तर बाजूला आलं तेव्हा तिरपी बल्ली माझ्या नजरेच्या आड यायची. सूत लावलेलं असूनही मला डोळ्याने खात्री करायची असते, तेच माझं वैशिष्ट्य आहे. म्हणून मी ती बल्ली काढली. चार खिळे उपटले, बल्ली भिंतीला टेकवून ठेवली. तासाभरात परत लावणार होतो. पण बल्ली नसताना ती रेघ अशी दिसायची, एकेचाळीस मीटर, की मी ती रात्रभर तशीच ठेवली, म्हणजे सकाळच्या उन्हात बघता येईल. निलगिरीच्या बल्ल्या ओल्या होत्या, पावसाळ्यात तोडलेल्या. वाळताना पीळ घेतात, खिळे सैल होतात. हे मला कळत होतं. हे बोगालेला पहिल्याच वर्षी मीच शिकवलेलं.

सकाळी तो अर्धा चढून थांबला. म्हणाला, "गाशे, हे हलतंय." मोठा म्हणून तो मला कायम गाशेच म्हणायचा.

मी म्हटलं, "चढ. मी बांधलीय."

मजूर कचेरीचा साहेब चौकशीला आला तेव्हा त्याने विचारलं, बल्ली कुणी काढली. कंत्राटदार अतो नेगुस्से माझ्या बाजूला उभे होते. मी म्हटलं, त्याने. दोनच अक्षरं. साहेबाने लिहून घेतलं.

पट्टी अजून आहे. परवा तिकडून गेलो तेव्हा खाली उभं राहून पाहिली. सरळ आहे.

मियाझ्या १

नव्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी परत गेलो. यावेळी दगड निवडला नाही. गटाराच्या कडेला होता तो उचलला. माप घेतलं नाही. एका बाजूने टोकदार होता आणि चिखल लागलेला. चालताना सारखा सरकत होता, दोनदा हातातून पायावर पडता पडता राहिला. वडीलधारे तेच. वाटेत मेशेशाने बसचं नाव काढलं नाही.

मी दारात वाकून उभा राहिलो आणि मेशेशाने तोंड उघडायच्या आत बोललो. शेजारणी होत्या, थोरली भाची उंबऱ्यात होती. सगळ्यांसमोर सांगितलं. बल्ली मी काढली. तो हलतंय म्हणाला, मी चढ म्हटलं. साहेबाला खोटं मी सांगितलं.

शेवाये म्हणाली, "मला माहीत आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"आदल्या संध्याकाळी जेवताना त्याने सांगितलं. गाशेने उत्तरेची बल्ली काढलीय, म्हणाला, उद्या बांधेल परत. हसत होता. म्हणाला, त्याला त्याची रेघ बघायचीय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बायकोचं कोण ऐकतं? आणि मला वाढवलंस तू. मी म्हटलं, तो स्वतः सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल." तिचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं ही पोर ऐकतेय की तिचा बाप बेफिकीर होता. शाळेत ऐकतेय. पाण्याच्या रांगेत ऐकतेय."

दगडाचं टोक मानेत रुतलं होतं. पाठीवरून काहीतरी ओघळत होतं, घाम असेल.

शेवटी ती म्हणाली, "ठेव."

मी ठेवला. गुडघे धरून सरळ झालो. एमामा हुंदके द्यायला लागल्या, म्हणजे त्यांना झालं असं वाटलं. पण शेवाये म्हणाली, "दगड ठेव म्हटलं. माफ केलं म्हटलेलं नाही. तुझी मान मोडून बोगालेचा काय फायदा? कचेरीत जा. जिथे लिहिलंय तिथे खोडून ये."

कॉफी कुणी विचारली नाही. बरोबरच आहे.

मियाझ्या ४

अंगणातली बातमी गेर्जीला पोचायला दोन दिवस लागले. आज सकाळी अतो नेगुस्सेंची पांढरी गाडी आमच्या चराशी येऊन थांबली. उतरले, चर ओलांडला, माझं प्लास्टिक पाहिलं. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. कदाचित खरंच वाटलं असेल, माणूस तसा राक्षस नाही. घडीव दगडावर बसले, बसायला तेवढंच होतं. बसल्यावर खाली वाकून त्यांनी त्याची कड पाहिली, आणि म्हणाले, "असा हात आता शहरात राहिला नाही, गाशे झेलेके."

मग कामाचं बोलले. ते पुढे लिहितो.

मेशेशाने सगळं ऐकलं. गाडी गेल्यावर म्हणाला, कचेरीत गेलास तर तुलाच आत घालतील. मी म्हटलं, घालतील. तो म्हणाला, "भिंती पक्क्या असतात म्हणे तिथल्या." हसायचा प्रयत्न होता तो. मग बराच वेळ माझ्या शेजारी बसून राहिला.

मियाझ्या ६

कचेरीत जाऊन आलो.

कारकुनाने लिहिलं, परांची कमकुवत होती. मी म्हटलं, हे नाही. परांची कमकुवत नव्हती, कमकुवत केली गेली. त्याने वैतागून दुसरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, बल्ली काढण्यात आली. मी म्हटलं, कुणी ते लिहा. तिसऱ्या कागदावर बरोबर आलं: तिरपी बल्ली, उत्तर बाजू, चौथा टप्पा, मी काढली, मी परत लावली नाही, बोगालेने हात लावलेला नव्हता. मी दोनदा वाचून खाली नाव लिहिलं. साहेब म्हणाले, बोलावलं की हजर व्हा, पत्ता काय? मी म्हटलं, मिकाएलची मागची भिंत, डावीकडून तिसरं. त्यांनी तसंच लिहिलं.

शेवाये दोघी मुलींना घेऊन बाहेर बाकावर बसलेली होती. येईल असं म्हणाली नव्हती. थोरलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बोगाले गेला तेव्हा धाकटी एक वर्षाची होती, ती मला ओळखत नाही. तिने विचारलं, हे कोण?

शेवायेने तिला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आपली चूल आहे ना, ती ह्यांनी बांधली."

आणि मुलींना घेऊन बसच्या थांब्याकडे गेली. मी उलट्या बाजूने आलो.

पहिल्या पानावरच्या यादीत एक राहिलं होतं, ते आज लिहितो: गेर्जीच्या इमारतीची परांची, उत्तर बाजू. माझ्या हातची.

आणि परवाचं राहिलेलं. अतो नेगुस्सेंनी नव्या बांधकामावर मुख्य मिस्त्रीचं काम देऊ केलं होतं. सोबत राहायला खोली, तीन मीटर बाय साडेतीन, विटांची, पत्रा नवा, दाराला आतून कडी. अट एकच, कचेरीत जायचं नाही. पगार महिना अठरा हजार बिर. मी नाही म्हटलं.